फोन गेटवर, ओटीपी फोनवर

चाकणच्या कामगाराला मोबाइलचं वेड लागलंय असं ज्याला वाटतं, त्यानं म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी यांपैकी कुठेही कॉट बेसिसवर जागा घ्यावी, फोन बंद करून ट्रंकेत टाकावा आणि महिनाभर नोकरी टिकवून दाखवावी. टिकणार नाही. पहिल्याच रात्री उद्याची पाळी कळणार नाही. दुसऱ्या दिवशी बसचा बदललेला थांबा कळणार नाही. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस विचारेल, ‘ग्रुपवर टाकलं होतं, बघितलं नाहीस?’ आणि खाडा लागेल.

तरी उपदेश चालूच आहे. सेफ्टीच्या भाषणात मॅनेजर सांगतात, पालकसभेत मुख्याध्यापक सांगतात, सप्ताहात कीर्तनकार सांगतात: मोबाइल सोडा. सगळ्यांचं बोट कामगाराच्या हातातल्या फोनकडे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात तो फोन सतत जवळ बाळगायला त्याला कुणी भाग पाडलं, त्याबद्दल या आठवड्यात बोलू.

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. मागोमाग टेल्को आली, बजाज आली, भोसरीत शेकडो छोटी वर्कशॉप उघडली. त्या पिढीच्या कामगाराची ओळख त्याच्या टोकन नंबरात होती. बिल्ल्यावरचा तो नंबर कंपनीनं दिलेला असायचा, त्याचं भाडं नव्हतं आणि तो महिन्याला संपत नसे. आजच्या कंत्राटी कामगाराची ओळख म्हणजे त्याचा मोबाइल नंबर. तो त्यानं स्वतः विकत घ्यायचा, स्वतः चालू ठेवायचा. नोकरी त्याच नंबरावर येते, पगाराचा मेसेज त्याच नंबरावर येतो, आणि उद्यापासून येऊ नकोस हेही त्याच नंबरावर कळतं.

नोकरीची सुरुवात बघा. ‘अर्जंट पाहिजेत, आयटीआय किंवा बारावी, पास-नापास चालेल, बस फ्री, कॅन्टीन फ्री, ओटी मिळेल’, आणि खाली दहा आकडे. नांदेडचा, बीडचा, बुलढाण्याचा पोरगा गावातूनच त्या आकड्यांवर फोन करतो. आधार, पॅन, पासबुक, मार्कशीट यांचे फोटो एका न पाहिलेल्या माणसाला पाठवतो. त्या माणसाकडे खरोखर जागा असेल तर पोरगा चाकणला येतो. नसेल तर नोंदणीचे पैसे जातात, कागदांचे फोटो कुठल्या कुठे फिरतात आणि तो नंबर लागेनासा होतो. सगळा पट्टा कंत्राटी भरतीवर चालतो आणि ही भरती कुणाच्या तरी खासगी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होते. एमआयडीसीत जागोजागी कंपन्यांच्या दिशेचे बाण दाखवणाऱ्या मोठ्या पाट्या आहेत. कुठल्या कंपनीत कुठला परवानाधारक ठेकेदार माणसं भरतोय, हे सांगणारी एक पाटी तळेगाव चौकात लावायला काय अडचण आहे?

नोकरी लागली. आता पीएफ. १ ऑगस्ट २०२५ पासून नव्या कामगाराचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, काढायचा तर उमंग अ‍ॅपवर आधारशी जुळणारा चेहरा दाखवावा लागतो. यामागचा हेतू वाईट नाही, हे आधी मान्य करतो. ठेकेदार बदलला की नवा नंबर, नावात एक अक्षर चुकलं की आणखी एक नंबर, असे एकाच माणसाचे तीन-तीन यूएएन आणि त्यांत अडकलेले पैसे या भागात घरोघरी सापडतील. नंबर कामगारानं स्वतः काढावा, स्वतः पाहावा, हे योग्यच. पण त्यासाठी काय काय लागतं? चांगला कॅमेरा असलेला स्मार्टफोन, नेट, आधारला जोडलेला आणि चालू असलेला नंबर. साध्या बटणांच्या फोनवर हे होत नाही. भविष्य निर्वाह निधीचा हक्क १९५२ च्या कायद्यानं दिलेला आहे. तेव्हाच्या कायद्यानं कामगाराकडे घाम मागितला होता, कॅमेरा मागितला नव्हता. आज चेहरा जुळला नाही तर नोंदणी अडते, आणि नोंदणी अडली की ठेकेदार म्हणतो, ‘जुळलं की ये.’ तोवरच्या दिवसांचा पगार कुणी देत नाही.

ज्या कंपनीला दोन-दोन हजार माणसं लागतात, तिनं गेटजवळ एक टेबल टाकावं, त्यावर कंपनीचा एक फोन ठेवावा आणि नव्या माणसाचं हे काम तिथंच, पगारी वेळेत करून द्यावं. नव्या माणसाची तब्येत तपासायला डॉक्टर बसवता, मग हेही करा.

आता गेट. बहुतेक मोठ्या कारखान्यांत कंत्राटी कामगाराचा फोन गेटवर जमा होतो किंवा लॉकरात राहतो. काही ठिकाणी कॅमेऱ्यावर स्टिकर लावून आत सोडतात. शॉप फ्लोअरवर फोन नको, या मताचा मी पूर्णपणे आहे. प्रेस मशीनवर हात जातो तेव्हा नजर दुसरीकडे गेली की बोट जातं. वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत तुटणाऱ्या बोटांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढत आली आहे. ते वाचलेला कुणीही मशीनशेजारी फोन असावा असं म्हणणार नाही. फक्त नियम सगळ्यांना एक ठेवा. ऑपरेटरचा फोन लॉकरात आणि साहेब लाइनवर उभं राहून फोटो काढून ग्रुपवर टाकतायत, हे रोज बघणाऱ्या माणसाला सेफ्टीचं भाषण काय पटणार?

माझं मुख्य भांडण पुढे आहे. एका हातानं फोन काढून घ्यायचा आणि त्याच वेळी दुसऱ्या हातानं त्याच फोनवर ओटीपी पाठवायचा, हे कुठलं शासन?

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचं उदाहरण घ्या. महिन्याला १५०० रुपये. खोलीचं भाडं, गॅस, मुलांची वह्या-पुस्तकं यांत या पैशांची जागा ठरलेली आहे. सरकारनं १८ सप्टेंबर २०२५ ला ई-केवायसी सक्तीची केली. बाईच्या आधारवर ओटीपी, आणि नंतर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर आणखी एक ओटीपी, तो त्यांच्या नंबरावर. सेवा केंद्रं उघडतात सकाळी दहाला. नवरा तेव्हा म्हाळुंग्यात लाइनवर, त्याचा फोन गेटवरच्या लॉकरात. ‘अहो, ओटीपी आला का?’ हे विचारायला बायको फोन लावते. लॉकरात तो वाजत राहतो. ओटीपीचं आयुष्य दहा मिनिटं. जेवणाची सुट्टी अर्धा तास, कॅन्टीन एका टोकाला आणि गेट दुसऱ्या टोकाला. ती पुन्हा रांगेत, पुन्हा ओटीपी, पुन्हा वाट. रात्री नवरा घरी आल्यावर करू म्हणावं तर वेबसाइट लोड घेत नाही. मग गुरुवारची सुट्टी येईपर्यंत थांबायचं. गुरुवारी केंद्रावर ही गर्दी, कारण इथल्या बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारीच. तीही घरकामाला किंवा पॅकिंगला जाणारी बाई. तिचा बुडालेला रोज कुणाच्या हिशेबात येत नाही.

ज्यांचा नवरा नाही, वडीलही नाहीत, त्या बायकांनी कुणाचा ओटीपी आणायचा? हा प्रश्न नियम लिहिताना कुणाला पडला नाही. ओरड झाली, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि अशा बायकांनी अंगणवाडी सेविकेकडे कागद द्यावेत असं ठरलं. म्हणजे माणसाच्या हातात कागद देऊन काम होऊ शकत होतं. सेविका होती, अंगणवाडी होती, रजिस्टर होतं. हा रस्ता पहिल्या दिवशी, सगळ्यांसाठी का उघडला नाही? देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता, असं सरकारचंच २०१९-२१ चं पाचवं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. हा आकडा मंत्रालयात पोचलेला आहे. तरीही बायकांची योजना ओटीपीवर टांगली.

खेड तालुक्यातल्या शेतकऱ्याचंही वेगळं नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी अ‍ॅपवर शेतकऱ्यानं स्वतः बांधावर उभं राहून पिकाचा फोटो टाकायचा. एमआयडीसीला अर्धी जमीन गेलेला, उरलेल्या अर्ध्यावर कांदा लावलेला सत्तरीचा म्हातारा शेतात रेंज शोधत फिरतो. शेवटी पुतण्याला विनवतो, आणि पुतण्या दुसऱ्या पाळीला.

रिचार्जचा हिशेब घ्या, तो तर उघड अन्याय आहे. पगार वर्षातून १२ वेळा होतो. २८ दिवसांचा पॅक मारणाऱ्याला वर्षातून १३ वेळा पैसे भरावे लागतात. महिना कुणी २८ दिवसांचा केला? दूरसंचार नियामकानं २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीनं निदान एक पॅक ३० दिवसांचा ठेवावा असं बजावलं. असा पॅक कुठे असतो हे दुकानदाराला विचारून बघा. जुलै २०२४ मध्ये दर वाढले. रोज दीड जीबीचा जिओचा २३९ रुपयांचा पॅक २९९ चा झाला. तेरा वेळचे ३८८७ रुपये. हेल्परच्या पगारातून हे जातात, आणि फोनवरच हजेरी, फोनवरच पाळी सांगणारी कंपनी त्यातला एक रुपयाही देत नाही. बूट देता, हेल्मेट देता, गॉगल देता, कारण ती कामाची साधनं आहेत. फोनही तुम्ही कामाचं साधन करून टाकलात. मग रिचार्ज तुम्ही भरा.

रात्री अकरा-बाराला येणाऱ्या मेसेजचंही तेच. ‘उद्या सेकंडऐवजी फर्स्ट.’ तो वाचणं, उत्तर देणं, गजर बदलणं हे कामच आहे. सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक मांडलं. त्यावरची चर्चा ऐकताना वाटतं की हा प्रश्न फक्त हिंजवडीच्या लॅपटॉपवाल्यांचा आहे. निघोज्याच्या हेल्परला तो हक्क आधी हवा, कारण इंजिनिअरनं मेसेज वाचला नाही तर साहेब रागावतो, हेल्परनं वाचला नाही तर दिवसाचा पगार जातो.

रील्स? हो, बघतात. तासन् तास बघतात, आणि ते घातक आहे, हे मी लपवणार नाही. बारा तास उभं राहून आलेला बावीस वर्षांचा पोरगा एका खोलीत आठ जणांबरोबर राहतो. बाहेर बसायला कट्टा नाही, वाचनालय नाही, मैदान नाही. आहे ते पत्र्याचं शेड, धूळ आणि ट्रेलरची रांग. पुणे-नाशिक रस्त्यावर कंपनीची बस अडकली की तास जातो, त्या तासातही हातात फोनच. त्यात दीड जीबीचा रोजचा कोटा रात्री बाराला संपतो, उरलेला डेटा दुसऱ्या दिवशी मिळत नाही. पैसे दिलेत तर वापरून टाक, असं तो कोटाच त्याला सांगत असतो. सकाळची पहिली पाळी, झोप चार तास, समोर प्रेस मशीन. हा धोका फोन बनवणाऱ्यानं, पॅक विकणाऱ्यानं, रील दाखवणाऱ्यानं आणि बारा तास राबवणाऱ्यानं मिळून तयार केलाय. भाषण मात्र एकट्या पोराला.

आणि रमी. आयपीएलच्या प्रत्येक सामन्यात, प्रत्येक व्हिडिओच्या आधी वर्षानुवर्षं पैसे लावायच्या खेळांच्या जाहिराती आल्या. नटांनी केल्या, खेळाडूंनी केल्या. पगार झाला की दोन दिवसांत खातं रिकामं झालेली पोरं या पट्ट्यातल्या प्रत्येक चाळीत आहेत. काहींनी ते भरून काढायला लोन अ‍ॅपवरून कर्ज घेतलं आणि वसुलीवाल्यांनी त्यांच्या आईला, बहिणीला, गावच्या सरपंचाला फोन केले. केंद्रानं कायदा करून असे खेळ बंद केले, त्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली २२ ऑगस्ट २०२५ ला. चांगलं केलं, फार उशिरा केलं. त्याच्या महिनाभर आधी तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेत बसलेले असतानाचा, मोबाइलवर रमी दिसणारा व्हिडिओ बाहेर आला होता. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात घालवत होतो, असं त्यांनी सांगितलं. जुलै संपता संपता त्यांचं कृषी खातं गेलं आणि त्यांना क्रीडा खातं मिळालं. लाइनवर फोन सापडलेल्या कंत्राटी कामगाराला दुसरं खातं मिळत नाही. त्याला त्याच पाळीत गेटबाहेर काढतात.

मुलांच्या फोनबद्दल बोलताना सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं नाव हमखास घेतलं जातं. कडेगाव तालुक्यातल्या या गावात २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो, टीव्ही आणि मोबाइल बंद होतात, मुलं अभ्यासाला बसतात, साडेआठला पुन्हा भोंगा. गावानं एकत्र बसून ठरवलं आणि पाळलं, त्याचं मनापासून कौतुक. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल न देण्याचा ठराव केला. आपल्याकडेही असा भोंगा हवा, असं आता चिखली-मोशीतल्या सोसायट्यांच्या बैठकांत बोलतात.

भोंगा लावाच. पण सातला घरी कोण असतं ते आधी बघा. वडगावात संध्याकाळी आई घरी असते, आजी असते, शेजारची काकू असते. चिखलीच्या घरकुलात सातला बाप दुसऱ्या पाळीला असतो आणि जनरल शिफ्ट करून निघालेली आई मोशीच्या कोंडीत अडकलेली असते. घरात सात वर्षांची मुलगी, चार वर्षांचा भाऊ, बाहेरून कडी आणि आत एक जुना फोन. तो फोन त्या घराची आया आहे. तो काढून घेतला तर त्या दोघांना सांभाळायला तुम्ही कोण पाठवणार?

पाळणाघराची तरतूद नवी नाही. कारखाने कायद्यात तीसहून जास्त महिला कामगार असतील तिथे पाळणाघर सांगितलेलं होतं. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी ते सक्तीचं केलं. भोसरीचं वर्कशॉप वीस माणसांचं, तळवड्याचं पंचवीस माणसांचं. एकही या आकड्यांत बसत नाही. मोठ्या कंपन्या बसतात, तर तिथल्या कंत्राटी बाईला मूल आणायची हिंमत होत नाही, कारण ती ठेकेदाराची. महापालिकेनं आणि एमआयडीसीनं मिळून सेक्टरला एक पाळणाघर काढावं, पाळीच्या वेळेला उघडं राहणारं, पहिल्या पाळीसाठी सकाळी सहाला आणि दुसरीसाठी रात्री बारापर्यंत. छोट्या उद्योजकांनी माणशी वर्गणी द्यावी. हे केल्याशिवाय आईला ‘मुलांच्या हातात मोबाइल देऊ नका’ म्हणणं निर्दयपणाचं आहे.

आता पैसे. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात त्यावर २००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. सोय मोठी आहे, मान्य. गावाकडे आईला पैसे पाठवायला आता मनीऑर्डर नको, गावी जाणाऱ्या कुणाच्या हातात पाकीट द्यायला नको. पण २६ मार्च २०२५ च्या संध्याकाळी आणि पुन्हा १२ एप्रिलला यूपीआय देशभर अडखळलं. अशा वेळी चहाच्या टपरीवर खिशात दमडी नसलेला माणूस उभा असतो आणि टपरीवाल्याकडेही सुटे नसतात, कारण दोघांनीही रोख ठेवणं सोडलेलं असतं. टपरीवाला लिहून घेतो, ‘उद्या द्या दादा’ म्हणतो. मॉलमधला काउंटर असं म्हणत नाही. नोट हे कायद्यानं मान्य असलेलं चलन आहे. ‘फक्त ऑनलाइन’ अशी पाटी पार्किंगवाल्यापासून कॅन्टीनवाल्यापर्यंत कुणीही लावू नये, आणि लावली तर महापालिकेनं ती काढायला लावावी.

फोन चोरीला गेला तर? भोसरीच्या पुलाखाली गर्दीच्या बसमध्ये तो जातो आणि त्याच्याबरोबर पाकीट, पासबुक, पाळी, घरच्यांचे नंबर सगळं जातं. पूर्वी चौकाचौकांत पिवळ्या पाटीचं पीसीओ होतं, किराणा दुकानाबाहेर रुपयाचा लाल डबा होता. आता एकही नाही. हरवलेला फोन बंद करायला सरकारचं संचार साथी पोर्टल आहे, चांगलं आहे. तिथेही ओटीपीसाठी चालू नंबर लागतो. परक्या शहरात रूम पार्टनर पाळीला गेलेला असताना हा नंबर कुणाचा द्यायचा? मेट्रोचं पीसीएमसी स्टेशन, निगडी आणि भोसरीचे बसथांबे, चाकणचं एसटी स्थानक या ठिकाणी एक-एक सार्वजनिक फोन बसवणं महापालिकेला आणि एसटीला जड आहे, असं कुणी मला सांगू नये.

चालकांबद्दल थोडकं. भोसरीतून चाकणला माल नेणाऱ्या टेम्पोवाल्याला रस्त्यात दर पंधरा मिनिटांनी फोन येतो: कुठं पोचला? लाइन थांबेल! लाइन थांबली की पुरवठादाराला दंड, म्हणून तो डिस्पॅचवाल्याच्या मागे, डिस्पॅचवाला चालकाच्या मागे. चालकानं फोन उचलला आणि अपघात झाला तर गुन्हा चालकावर. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं हातात फोन धरून गाडी चालवणाऱ्याला वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड सांगितला आहे. तो माणूस गाडी चालवतोय हे माहीत असून त्याला पाच वेळा फोन लावणाऱ्याला काहीच नाही. अपघाताच्या तपासात चालकाच्या फोनचे कॉल काढता, तसं त्या वेळी कुणी फोन केला होता त्याचंही नाव पंचनाम्यात घ्या.

आणि शेवटी तेच गेट, कारण सगळ्यात जास्त त्रास तिथे होतो. घरी मूल तापानं फणफणलंय, आकडी आली, बायको रिक्षात घालून वायसीएम रुग्णालयाकडे निघाली. नवऱ्याला कळवायचं कसं? पूर्वी टाइम ऑफिसला फोन लावायचा, टोकन नंबर सांगायचा, पाच मिनिटांत शिपाई लाइनवर निरोप घेऊन यायचा. त्या एका लँडलाइनवर कितीतरी बाळंतपणांची, मरणांची, परीक्षेच्या निकालांची बातमी कामगारांपर्यंत पोचली. आज कायम कामगाराच्या घरच्यांकडे कदाचित तो नंबर असेल. कंत्राटी कामगाराच्या घरी फक्त ठेकेदाराच्या सुपरवायझरचा नंबर असतो, आणि सुपरवायझरचाही फोन आत चालत नाही. आठ तासांनी नवरा लॉकर उघडतो तेव्हा स्क्रीनवर बायकोचे तीसेक मिस्ड कॉल असतात. उलटंही होतं. आत त्याचा हात मशीनमध्ये जातो आणि घरी कळतं ते दुसऱ्या दिवशी, कारण घरचा नंबर त्याच्या फोनमध्ये आणि फोन लॉकरात, कुलूपबंद.

कंत्राटी कामगाराच्या गेटपासवर फोटो असतो, रक्तगट असतो, ठेकेदाराचं नाव असतं, किती तारखेपर्यंत आत यायचं ते असतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत नियम असतात: मोबाइल आणू नये, तंबाखू आणू नये, पास हरवल्यास दंड. त्या नियमांच्या वर टाइम ऑफिसचा नंबर मोठ्या अक्षरांत छापा आणि तिन्ही पाळ्यांत तो उचलायला एक माणूस बसवा. भरतीच्या वेळी घरच्या दोन माणसांचे नंबर रजिस्टरमध्ये हातानं लिहून घ्या, अपघात झाला तर त्यांना कळवायची जबाबदारी सेफ्टी ऑफिसरच्या नावानं ठेवा. ओटीपीच्या कामासाठी अर्ध्या तासाचा पगारी गेटपास द्या. आणि यातलं काहीही ठेकेदारावर ढकलू नका. लाइन कंपनीची आहे, गेट कंपनीचं आहे, फोनही कंपनीनंच काढून घेतलाय.